राखीव खेळाडूची नोकरी : आंबिवली-कल्याण पट्ट्यातील ‘व्यावसायिक’ कबड्डीचा इतिहास

मुंबई आणि ठाणे परिसरातील कबड्डी स्पर्धांत गेली अनेक दशके दोन मुख्य गट मानले गेले आहेत. स्थानिक गटात गावांतील आणि वस्त्यांतील क्रीडामंडळांचे संघ उतरतात, तर व्यावसायिक गटात रेल्वे, बँका, बंदर, पोलीस, तेल कंपन्या आणि खाजगी कारखाने यांचे संघ खेळतात. व्यावसायिक गटातील खेळाडूला खेळण्याबद्दल वेगळे मोल मिळत नसे. त्याला मिळत असे ती नोकरी, आणि पगारही त्या नोकरीचाच असे. संघातील पहिल्या चार-पाच नामांकित खेळाडूंसाठी ही व्यवस्था बहुतेक काळ भक्कम ठरली, आणि कबड्डीविषयी जे काही लिहिले गेले त्यात प्रामुख्याने त्यांचीच नावे आली. परंतु कबड्डीच्या संघात मैदानावर सात आणि बाहेर पाच असे बारा जण असतात. त्या पाच राखीव खेळाडूंचे, आणि सातव्या जागेसाठी आळीपाळीने आत-बाहेर होणाऱ्या खेळाडूचे पुढे काय झाले, हा प्रश्न खेळाच्या इतिहासाइतकाच कारखानदारीच्या आणि रोजगाराच्या इतिहासाचा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आंबिवलीसारखे ठिकाण मुंबईपेक्षाही सोयीचे आहे, कारण तिथे कारखाना, गाव आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर होत्या, आणि त्यांपैकी एक नाहीशी झाल्यावर उरलेल्या दोहोंवर काय परिणाम झाला हे स्पष्ट दिसते.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली, १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोचला आणि पुढच्याच वर्षी तो वासिंदपर्यंत गेला. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या या मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मध्ये आंबिवली येते. उल्हास नदीच्या काठची मोहोने, आटाळी, वडवली ही गावे तिला लागून आहेत. ‘एनआरसी’ या नावाने ओळखली जाणारी नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली आणि मोहोने येथे तिचा रेयॉनचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने तयार होणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, कारखाना उभा राहिला. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत, शाळा आणि बाजारपेठ वाढली. शेजारी शहाडला सेंचुरी रेयॉन, पलीकडे अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आणि दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, ठाण्यात रेमंडची गिरणी आणि १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वागळे इस्टेट अशी ही कारखान्यांची साखळी होती. या साखळीच्या मधल्या मोकळ्या जागेत भातशेती करणारी गावे होती, आणि भाताची कापणी उरकून खळी रिकामी झाली की त्याच जमिनीवर कबड्डीची मैदाने आखली जात असत. मोसम थंडीत सुरू होई आणि पाऊस पडेपर्यंत चाले.

मातीचे मैदान तयार करणे हेही एक काम असे. खडे वेचून माती चाळायची, पाणी मारून ती बसवायची, वर पुन्हा बारीक मातीचा थर द्यायचा आणि मग चुन्याच्या फकीने रेषा आखायच्या, अशी ही मेहनत मंडळाची पोरेच करीत. ज्याचे नाव पहिल्या सातांत नक्की नसे तोच या कामाला सर्वांत आधी हजर असे, हे कुठल्याही मंडळात पाहायला मिळे. मंडळाच्या दृष्टीने तोही खेळाडूच होता. कंपनीच्या दृष्टीने तो खेळाडू ठरायला मात्र आणखी बरेच काही लागत असे.

खेळाडूला पैसे न देता नोकरी देण्याची ही पद्धत नेमकी का रुजली, हे समजण्यासाठी हौशीपणाच्या नियमाकडे पाहावे लागते. ऑलिंपिक चळवळीने विसाव्या शतकातील बहुतेक काळ खेळासाठी पैसे घेणाऱ्याला स्पर्धेतून बाद ठरवले होते, आणि भारतातील क्रीडासंघटना त्याच साच्यात घडल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यामागे हे खेळ जगाच्या मान्यतेला उतरावेत ही आकांक्षा होती. १९५० मध्ये कबड्डीची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या नव्या महासंघाने तर ‘हौशी’ हा शब्द थेट आपल्या नावातच घातला. ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो त्या शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांतून खेळाडू गोळा केले. परंतु खेळाडूच्या घरची चूल पेटवण्याचे साधन संघटनेच्या हाती नव्हते. ते कारखानदाराच्या आणि सरकारी खात्याच्या हाती होते. कंपनीच्या नावाचा संघ जिंकला की नाव वर्तमानपत्रात येई आणि कामगारांत आपलेपणा वाढे. रेल्वेने तर १९२८ मध्येच आपले स्वतंत्र क्रीडा मंडळ स्थापन केले होते. नियमाने बंद केलेला पैसा अशा रीतीने पगाराच्या वाटेने आत आला, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

ही नोकरी मिळण्याचा मार्ग ठरलेला होता. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत चमकलेल्या मुलाला एखाद्या संघाचा प्रशिक्षक हेरून ठेवी, त्याला चाचणीला बोलावले जाई, आणि पसंत पडल्यास आरंभी काही काळ विद्यावेतनावर घेतले जाई. विद्यावेतन म्हणजे दरमहा दिली जाणारी ठरावीक रक्कम. ती घेणारा कंपनीच्या कामगारांच्या यादीत नसतो. एक-दोन मोसम संघासाठी चांगला खेळ झाला की त्याला शिपाई, मदतनीस, कारकून अशा एखाद्या जागेवर कायम केले जाई. कायम झालेल्या खेळाडूचा दिवस साधारणपणे असा असे : सकाळी हजेरी लावायची, दुपारपर्यंत काम करायचे, मग सवलत मिळाली तर सरावाला जायचे आणि रात्री उशिराच्या गाडीने परतायचे. कल्याणपर्यंतच्या गाड्या भरपूर, पण पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या थोड्या, त्यामुळे आंबिवलीच्या खेळाडूला सामना रंगात आलेला असतानाही घड्याळ पाहावे लागे. स्पर्धेच्या काळात त्याला विशेष रजा मिळे. राखीव खेळाडूची रजा मात्र नेहमीच वादाची ठरे, कारण जो माणूस मैदानात उतरलाच नाही त्याच्या रजेचे समर्थन खात्याच्या साहेबापुढे करणे संघव्यवस्थापकालाही जड जाई. गिरण्यांत कायम कामगार गैरहजर राहिला तरच ज्याला काम मिळे त्याला बदली कामगार म्हणत. कंपनी संघातील राखीव खेळाडूची स्थिती तिच्याशी पुष्कळ जुळत होती, फरक एवढाच की बदली कामगाराला उभे राहण्यासाठी निदान कामगार कायद्याची जमीन होती.

मालकाची निवड हीसुद्धा खेळाडूच्या भवितव्यावर दूरगामी परिणाम करीत असे आणि अजूनही करते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रेल्वे आणि सेनादल हे राज्यांप्रमाणेच स्वतंत्र संघ म्हणून खेळतात. त्यामुळे मध्य रेल्वेत लागलेला ठाणे जिल्ह्यातील खेळाडू महाराष्ट्राच्या निवडीतून बाजूला होतो आणि हरियाणा, उत्तर प्रदेश, तामिळनाडू अशा सर्व प्रांतांतून रेल्वेत आलेल्या खेळाडूंशी त्याची स्पर्धा सुरू होते. तेल कंपनीत, बँकेत किंवा बंदरात नोकरी करणारा खेळाडू मात्र महाराष्ट्राकडून खेळू शकतो. संघात पहिल्या तिघांत असणाऱ्याला या भेदाने फारसा फरक पडला नाही. काठावरच्या खेळाडूला मात्र विसाव्या वर्षीच्या एका सहीने राष्ट्रीय स्पर्धेचे दार कायमचे मिटलेले आढळले. तरीही बहुतेकांनी रेल्वे निवडली, आणि त्यांचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. रेल्वेची नोकरी कारखान्यासारखी बंद पडत नव्हती.

कारखाने मात्र बंद पडत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना घरी बसवले आणि लालबाग-परळमधील ज्या वस्त्यांत कबड्डीची मंडळे जोमात होती त्या वस्त्यांचा आर्थिक कणाच मोडला. ठाणे-कल्याण पट्ट्याला हा धक्का उशिरा पण तितक्याच जोराने बसला. नोव्हेंबर २००९ मध्ये एनआरसीला टाळे लागले. कामगारांची देणी वर्षानुवर्षे थकली, वसाहतीतील घरे रिकामी होत गेली आणि पुढे जमिनीचे व्यवहार तेवढे बातम्यांचा विषय राहिले. त्याच सुमारास ठाण्यातील रेमंडचे उत्पादनही थांबले. एखादा कारखाना बंद होतो तेव्हा त्यातील नोकऱ्या जातात हे उघड आहे. त्याबरोबर परिसरातील मुलांच्या डोळ्यांसमोरचा एक रस्ताही नाहीसा होतो, याची नोंद कोणत्याच हिशेबात होत नाही. वडील कारखान्यात, मुलगा गावच्या संघात आणि जमल्यास पुढे कुठल्यातरी कंपनीच्या संघात, ही अपेक्षा मोहोने-आटाळीसारख्या गावांत स्वाभाविक होती, कारण नोकरी देणारा समोर दिसत होता. तो गेल्यावर खेळ राहिला आणि खेळाचा मोबदला मुंबईच्या कार्यालयांपुरता उरला.

त्या कार्यालयांतही आकुंचन सुरू झालेच. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या संघांना मोठा आधार मिळाला होता. पण १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली आणि मुंबईच्या मैदानांवर ओळखीचे असलेले एक नाव फलकावरून उतरले. हॉकी आणि कबड्डीसह अनेक खेळांतील खेळाडूंना आधार देणारी एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. अशा उलथापालथीत कायम नोकरीतील खेळाडू कुठल्यातरी विभागात सामावला जातो. विद्यावेतनावरील आणि करारावरील मुलांचा प्रश्न नव्या मालकाच्या टेबलावर येतच नाही. उपदान, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी सेवाकालाच्या प्रमाणातील रक्कम, १९७२ च्या कायद्याने साधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळत असे. चार वर्षे विद्यावेतनावर खेळून गुडघा दुखावलेल्या मुलाची सेवा त्या कायद्याच्या भाषेत सुरूच झालेली नसे.

हॉकीचा इतिहास याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला निघालेल्या भारतीय संघाला मुंबईच्या संघाने सराव सामन्यात ३-२ असे हरवले होते. त्या प्रवासाचा खर्च जुळेना म्हणून दोन खेळाडूंना मागे ठेवण्याची वेळ आली होती आणि बंगालमधून मदत आल्यावरच ती टळली. सुवर्णपदक घेऊन आलेल्या संघातही शेवटच्या दोन जागा पैशाच्या तोलावर टांगलेल्या होत्या, ही बाब क्वचितच लक्षात घेतली जाते. पुढे पुण्याजवळच्या खडकीतील धनराज पिल्ले मुंबईला आला तो भाऊ रमेश याच्याकडे, आणि रमेश राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघात होता; धनराज महिंद्राच्या संघातून पुढे आला. म्हणजे एका भावाच्या कंपनीतील नोकरीने दुसऱ्याला शहरात पाय टेकायला जागा दिली. सप्टेंबर २०११ मध्ये भारताने पहिली आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धा पाकिस्तानला हरवून जिंकली तेव्हा प्रत्येक खेळाडूला २५,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले आणि खेळाडूंनी ते नाकारले. त्या संघातील मुंबईकर युवराज वाल्मीकीचे कुटुंब मरीन लाइन्सजवळ वीज नसलेल्या झोपडीत राहत होते. भारताच्या विजयी संघातील खेळाडूची ही स्थिती, तर संघाच्या उंबरठ्यावरून परतलेल्यांची काय असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

हॉकीत खाजगी लीगचे प्रयोग कबड्डीच्या आधी झाले. २००५ ते २००८ या काळात प्रीमियर हॉकी लीग चालली आणि थांबली. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी झाली. मुंबईतील महिंद्रा स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात पुणे स्ट्रायकर्स हा संघ शेर-ए-पंजाबकडून हरला, आणि त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम कधी झालाच नाही. अधिकृत महासंघाने तिला मान्यता दिली नव्हती, त्यामुळे तिच्यात खेळणे म्हणजे राष्ट्रीय निवडीवर पाणी सोडण्याचा धोका होता. हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालली आणि मग थेट २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मधली सात वर्षे हा खेळाडूच्या आयुष्यातील जवळजवळ संपूर्ण उमेदीचा काळ असतो. २०१७ मध्ये एकविशीत असलेला राखीव खेळाडू लीग परतली तेव्हा निवृत्तीच्या वयाला आला होता.

कबड्डीत बदल आला तो २०१४ साली. २० मे रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव झाला, त्यात राकेश कुमारला पटणा पायरेट्सने १२.८० लाख रुपयांना घेतले आणि २६ जुलैला स्पर्धा सुरू झाली. नऊ वर्षांनी, २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २.६०५ कोटी रुपये मोजले. ही वाढ खरी आहे, आणि तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. ठाणे जिल्ह्यातील कोपरारक्षक, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा राहून चढाईपटूचा पाय धरणारा खेळाडू, गिरीश इर्नाक याच काळात पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. त्याच वर्षाच्या आरंभी रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत मिळवले. २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाल्याने जागाही वाढल्या.

परंतु लिलावाची रचना खालून पाहिली की चित्र बदलते. २०२३ च्या लिलावात खेळाडूंच्या चार श्रेणी होत्या. ‘अ’ श्रेणीची मूळ किंमत ३० लाख रुपये आणि ‘ड’ श्रेणीची ९ लाख रुपये. ९ लाख ही आंबिवलीच्या घरात लहान रक्कम नव्हे. मात्र ती एका हंगामाची असते, ती मिळण्यासाठी लिलावात कोणीतरी हात वर करावा लागतो, आणि पुढच्या वर्षी तो हात वर होईलच याची हमी नसते. बोली न लागलेल्या खेळाडूचे नाव पडद्यावरून जाते आणि पुढचे येते. कंपनी संघाने कायम केलेल्या राखीव खेळाडूला थोडे दिले, पण ते दरमहा दिले आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षापर्यंत दिले. लीगने एकदम पुष्कळ दिले आणि उद्याचा प्रश्न त्याच्यावरच सोपवला. या दोन व्यवस्थांची तुलना करताना अनेकदा केवळ रकमांची बेरीज मांडली जाते. काठावरच्या खेळाडूला बेरजेपेक्षा सातत्याची गरज अधिक असते, कारण घरभाडे आणि बहिणीचे लग्न लिलावाची तारीख पाहून येत नाही. शिवाय मातीऐवजी मॅटवर होणाऱ्या लीगच्या खेळात बुटाची पकड घट्ट असते, वळताना भार गुडघ्यावर येतो, आणि एक शस्त्रक्रिया म्हणजे एक हंगाम बुडणे होय. तारांकित खेळाडूची वाट संघ पाहतो. राखीव खेळाडूची जागा भरली जाते.

करोनाच्या साथीने २०२० मध्ये लीग झालीच नाही आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती बंगळूरला बंद दाराआड सुरू झाली. त्या दीड-दोन वर्षांत ज्यांना रेल्वेची, पोलिसांची वा तेल कंपनीची नोकरी होती त्यांचा पगार चालू राहिला, आणि ‘जुनी’ म्हणून बाजूला सारलेल्या व्यवस्थेचे मोल सर्वांना कळले. त्याआधी मे २०१९ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू झाली होती. हौशी महासंघाच्या बाहेरच्या संघटनेने भरवलेली ही स्पर्धा होती, आणि तिच्यात उतरणाऱ्यांपुढे वर्ल्ड सिरीज हॉकीतील खेळाडूंसारखाच पेच उभा होता : आज मिळणारे काम घ्यावे, की मान्यता जपावी. प्रो कबड्डीत स्थान पक्के असलेल्याला असा पेच पडत नाही. मान्यतेच्या वादाची किंमत प्रत्येक वेळी सर्वांत दुबळ्या खेळाडूने चुकती केली आहे, आणि ही अन्यायाची बाब संघटकांच्या चर्चेत अभावानेच येते.

महिलांच्या वाट्याला तर लीगचा हा अनिश्चित लाभही आला नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा प्रो कबड्डीला जोडून घेतली गेली आणि एका हंगामानंतर ती पुढे चालली नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती आणि तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला, पण तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींसाठी रेल्वे आणि पोलीस एवढीच दोन मोठी दारे राहिली.

महाराष्ट्र शासनाने २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी विहित स्पर्धेतील पदकाचे प्रमाणपत्र लागते आणि सांघिक खेळात हे प्रमाणपत्र संघातील बाराही जणांना मिळते. यामुळे विजेत्या संघाच्या बाकावर बसलेल्याचा मार्ग मोकळा होऊ शकतो आणि उपउपांत्य फेरीत हरलेल्या संघाचा सर्वोत्तम चढाईपटू बाहेर राहू शकतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत बाराव्या जागेसाठी होणारी चुरस पहिल्या जागेपेक्षा तीव्र का असते, याचे उत्तर इथे आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीची वयोमर्यादा १८ ते २५ वर्षे आहे आणि तीत सवलत नसते. लीगचे संघ नवोदित म्हणून जे घेतात ते त्याहूनही लहान वयाचे असतात. त्यामुळे आंबिवली, टिटवाळा, शहाड इथल्या मैदानांवर बाविशी-तेविशीचा खेळाडू मोसमात रात्री सामने खेळतो आणि पहाटे पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करतो. पंचविशी ओलांडली की तो बहुधा गोदामात, सुरक्षारक्षकाच्या कामावर किंवा शाळेत करारावरचा क्रीडाशिक्षक म्हणून लागतो, आणि संध्याकाळी मंडळाच्या लहान मुलांना पकडीचा सराव देतो.